विंडोज २००० : पंचवीस वर्षांनंतरचे परीक्षण

डेस्कटॉपच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, असा विषय निघाला की चर्चा साधारणपणे दोन नावांभोवती फिरते. एक म्हणजे जानेवारी १९८४ मध्ये ॲपलने मॅकिंटॉशसोबत आणलेली प्रणाली, जिने माऊस, खिडक्या आणि चित्रखुणा सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आणून ठेवल्या. आणि दुसरे २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेले विंडोज ९५, ज्याच्यासाठी लोक मध्यरात्री दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले आणि ज्याचे स्टार्ट बटण व टास्कबार आजही आपल्या पडद्याच्या तळाशी आहेत. या दोन्ही नावांचा मान मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही माझा कौल १७ फेब्रुवारी २००० रोजी विक्रीला आलेल्या विंडोज २००० ला आहे, आणि हे परीक्षण त्याच आवृत्तीचे, त्यातही कार्यालयीन डेस्कटॉपसाठी तयार केलेल्या ‘प्रोफेशनल’ या रूपाचे आहे.

या कौलामागे दोन कारणे आहेत. आज घरोघरी चालणाऱ्या विंडोजचा जो गाभा आहे, तो सर्वसामान्य माणसाला रोज वापरता येईल अशा रूपात पहिल्यांदा या आवृत्तीत उभा राहिला. आणि बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर विकत न घेता, मूळ ऑपरेटिंग सिस्टिममध्येच मराठी मजकूर लिहिण्याची, वाचण्याची, शोधण्याची आणि अकारविल्हे लावण्याची सोय विंडोजमध्ये प्रथम याच आवृत्तीने दिली. पहिल्या कारणाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्याचा उल्लेख मात्र प्रभावी ऑपरेटिंग सिस्टिमच्या याद्यांमध्ये क्वचितच सापडतो, म्हणून इथे त्याला अधिक जागा दिली आहे.

नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टकडे विंडोजची दोन स्वतंत्र कुळे होती. विंडोज ९५ आणि ९८ हे पहिले कूळ डॉसच्या पायावर उभे होते. जुने प्रोग्राम आणि खेळ त्यावर सहज चालत, स्वस्तातले मशीनही त्याला पुरे, पण आतला बराचसा भाग जुन्या १६ बिट पद्धतीचा असल्याने एखादा प्रोग्राम बिघडला की तो अनेकदा सगळे मशीन सोबत घेऊन बसे. दुसरे कूळ एनटीचे. त्याचे काम १९८८ मध्ये डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. कटलर हे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून आलेले, तिथे व्हीएमएस ही मोठ्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम घडवलेले अभियंते होते, आणि त्यांच्या कामाची शिस्त जुलै १९९३ मध्ये आलेल्या एनटीच्या पहिल्या आवृत्तीतच दिसून येत होती. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची बंदिस्त मेमरी, प्रत्येक फाईलवर कोणाचा किती अधिकार याची नोंद, अचानक वीज गेली तरी आपली रचना सावरून घेणारी एनटीएफएस ही फाईल पद्धती, हे सारे तेव्हापासून होते. उणीव होती ती रोजच्या सोयीची. १९९६ च्या एनटी ४.० ला विंडोज ९५ चा चेहरा मिळाला, परंतु यूएसबीची उपकरणे त्याला ओळखता येत नसत, नवे कार्ड बसवले की ते आपोआप सापडत नसे, एफएटी३२ पद्धतीची डिस्क वाचता येत नसे आणि लॅपटॉपच्या बॅटरीचे व्यवस्थापन तर जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे बँकेत आणि कारखान्यात एनटी, तर घरात आणि दुकानात ९८ अशी वाटणी कायम झाली होती.

विंडोज २००० ने ही वाटणी तांत्रिकदृष्ट्या संपवली. ऑक्टोबर १९९८ पर्यंत या आवृत्तीचे नाव एनटी ५.० असेच होते, आणि सुरू होताना पडद्यावर येणारी ‘एनटी तंत्रज्ञानावर आधारित’ अशा अर्थाची ओळही ते कूळ सांगत असे. एनटीच्या भक्कम गाभ्यावर ९८ मधील सोयी आणून बसवण्याचे काम यात झाले: उपकरणे आपोआप ओळखणे, डिव्हाइस मॅनेजर, यूएसबी, लॅपटॉप झाकला की झोपणारी आणि उघडला की होते तिथून काम पुढे नेणारी वीजव्यवस्था, सेफ मोड. या सोयी स्वतंत्रपणे नव्या नव्हत्या. मात्र त्या अशा गाभ्यावर आल्या, जिथे एखादा प्रोग्राम अडकला तर टास्क मॅनेजर उघडून तेवढाच बंद करावा आणि शेजारच्या खिडकीतले अर्धवट पत्र सुखरूप पुढे लिहावे, ही गोष्ट गृहीत धरता येऊ लागली. दिवसातून अनेकदा ‘सेव्ह’ दाबण्याची ज्यांना सवय जडली होती, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नसे.

या आवृत्तीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर एक छोटासा प्रयोग पुरेसा आहे. विनएनटी या फोल्डरमधील सिस्टिम३२ मध्ये जाऊन नोटपॅडची मूळ फाईल पुसून टाकावी आणि काही क्षण थांबावे. ती फाईल पुन्हा तिथेच दिसू लागते. विंडोज ९८ मध्ये कोणताही नवा प्रोग्राम बसवताना तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या सामायिक फाईल्सवर आपली जुनी किंवा वेगळी प्रत बेलाशक लिहून टाकत असे, आणि मग कालपर्यंत नीट चालणारा दुसराच एखादा प्रोग्राम आज का उघडत नाही, याचा पत्ता लागत नसे. वर्षातून एकदा मशीन फॉरमॅट करून घेण्याचा जो रिवाज आपल्याकडे पडला होता, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच गोष्ट होती. विंडोज २००० आपल्या महत्त्वाच्या फाईल्सच्या प्रती बाजूला जपून ठेवते, त्यांवर लक्ष ठेवते आणि कोणी हात लावला तर मूळ प्रत परत आणून बसवते. ही राखण पडद्यावर दिसत नाही आणि जाहिरातीतही मावत नाही, परंतु मशीन दोन-तीन वर्षे पुन्हा न बसवता चालू राहणे हा त्याचा परिणाम प्रत्येकाला अनुभवता येत होता.

या सगळ्याची किंमत होतीच. किमान १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ६४ एमबी मेमरी अशी शिफारस होती, पण ६४ एमबीवर काम रेंगाळे आणि १२८ एमबी असल्याशिवाय समाधान मिळत नसे. डॉसवरचे खेळ, जुनी अकाउंटिंग पॅकेजे आणि हार्डवेअरशी थेट बोलणारे प्रोग्राम इथे अडत. अनेक स्वस्त प्रिंटर व स्कॅनर यांचे ड्रायव्हर उशिरा आले, काहींचे आलेच नाहीत. मायक्रोसॉफ्टने स्वतःच ही आवृत्ती घरगुती ग्राहकांसाठी मांडली नाही. त्यांच्यासाठी सप्टेंबर २००० मध्ये डॉसच्या कुळातले शेवटचे विंडोज एमई आले, आणि एकाच वर्षी आलेल्या या दोन आवृत्त्यांमधली दुबळी ती घराघरांत गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मराठीकडे येतो. विंडोज २००० पूर्वी आपल्याकडे संगणकावर मराठी नव्हती असे मुळीच नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणन संस्थेने पुढे नेलेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचे काम, सीडॅकचेच आयएसएम, पुण्यातच घडलेली श्रीलिपी, तसेच आकृती या साधनांवर महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे, सरकारी कार्यालये आणि गल्लीबोळांतले डीटीपीवाले वर्षानुवर्षे उत्तम काम करत होते, आणि त्या अक्षरांचे सौंदर्य आजच्या कित्येक फॉन्टना साधलेले नाही. अडचण मांडणीच्या मुळात होती. विंडोजवरच्या या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांची निरर्थक माळ असे आणि केवळ विशिष्ट फॉन्ट लावला म्हणून तो डोळ्यांना मराठी दिसे. फॉन्ट काढून घेतला की पत्राचा कचरा होई. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये न्यायचा तर रूपांतराचे वेगळे सॉफ्टवेअर लागे, मजकुरात शब्द शोधणे बेभरवशाचे होई आणि नावांची यादी वर्णानुक्रमे लावणे तर दूरच राही.

युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. देवनागरीसाठी १२८ जागांचा जो पट्टा त्यात राखून ठेवला आहे, त्याची मांडणी भारतातच तयार झालेल्या १९८८ च्या इस्की या मानकावरून घेतलेली आहे, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. एनटी आरंभापासूनच आतला सर्व मजकूर युनिकोडमध्ये हाताळत असे, त्यामुळे पाया तयार होता. उरले होते ते अक्षरजोडणीचे काम, कारण देवनागरीत वर्ण ज्या क्रमाने उच्चारले जातात त्या क्रमाने ते कागदावर बसत नाहीत. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब या घटकाने हे काम अंगावर घेतले, आणि त्याच्या जोडीला मंगल हा ओपनटाइप फॉन्ट आला. मंगलची अक्षरे र. कृ. जोशी यांनी रेखली. मराठी वाचकांना ते कवी म्हणून आणि सुलेखनकार म्हणून परिचित आहेत, आयआयटी मुंबईत त्यांनी अक्षररचना शिकवली, आणि जगभरच्या विंडोज मशीनवर वर्षानुवर्षे देवनागरीचा पहिला चेहरा म्हणून जी अक्षरे दिसली ती एका मराठी कवीच्या हातची होती.

‘स्थिती’ हा शब्द नोटपॅडमध्ये इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळमांडणीने लिहून पाहावा, म्हणजे आत काय चालते ते स्पष्ट दिसते. आधी स, मग हलन्त, मग थ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी, अशा सहा कळा दाबायच्या. हलन्त दाबताच स चा पाय मोडतो. थ येताच तो स अर्धा होऊन त्याला चिकटतो. आणि ऱ्हस्व वेलांटी दाबल्याक्षणी ती थ च्या मागे न बसता संपूर्ण जोडाक्षर ओलांडून त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहते. फाईलमध्ये मात्र सहा क्रमांक उच्चाराच्याच क्रमाने साठवलेले असतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप करावी लागे, कारण तिथे दिसण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम एकच होता. विंडोज २००० ने हे दोन क्रम वेगळे केले, आणि केवळ तेवढ्यामुळे मराठी मजकूर शोधता येऊ लागला, यादीत लावता येऊ लागला, फोल्डरला ‘घरभाडे पावत्या’ असे नाव देता येऊ लागले आणि एका मशीनवर लिहिलेले पत्र दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या फॉन्टमध्ये, जसेच्या तसे वाचता येऊ लागले. पहिल्या फेरीत ज्या भारतीय भाषांना विंडोजमध्ये जागा मिळाली, त्या हिंदी, मराठी, कोंकणी, संस्कृत आणि तमिळ होत्या. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि पंजाबी यांना पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही ठिकाणच्या भाषा पहिल्याच यादीत असणे ही आपल्यासाठी मोठी गोष्ट होती.

याच ठिकाणी या आवृत्तीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेपही नोंदवला पाहिजे. ही सोय सुरुवातीपासून चालू ठेवलेली नव्हती. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल ऑप्शन्स उघडायचे, ‘जनरल’ या पानावरच्या भाषांच्या यादीत ‘इंडिक’ पुढे खूण करायची, विंडोजची सीडी ड्राइव्हमध्ये घालायची, फाईल्स उतरल्या की मशीन पुन्हा सुरू करायचे आणि मग मराठीचा कीबोर्ड स्वतंत्रपणे जोडायचा, असा हा मार्ग होता. मशीनसोबत मूळ सीडी मिळालेली नसेल तर तो तिथेच खुंटत असे. परिणाम असा झाला की सायबर कॅफेत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कचेरीत, जिथे मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असे तिथे युनिकोडमधले मराठी पान चौकोनांच्या ओळींसारखे किंवा मोडक्या जोडाक्षरांनी भरलेले दिसे, आणि पाहणारा असा समज करून घेई की मराठी अजून संगणकावर नीट चालत नाही. विंडोज एक्सपीमध्येही ही खूण हातानेच करावी लागत असे. भारतीय लिप्या मुळातच चालू असलेले विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांपर्यंत जानेवारी २००७ मध्ये पोहोचले, म्हणजे हाताशी असलेली सोय जवळपास सात वर्षे एका खुणेमागे झाकून राहिली. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यावर लिहिणाऱ्यांना आणि तो वाचणाऱ्यांनाही आधी हे पायऱ्यांचे काम करावे लागत होते. त्या काळात ज्यांनी हे घडवले आणि इतरांना फोनवर एकेक पायरी सांगून त्यांच्याही मशीनवर मराठी सुरू करून दिली, त्यांचे श्रम कोणत्याही आवृत्तीच्या श्रेयात मोडत नाहीत.

दुसरी मर्यादा प्रोग्रामची. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे कोड पेज, म्हणजे युनिकोडपूर्व काळातला अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता, कधीच नव्हते, त्यामुळे जो प्रोग्राम युनिकोड जाणत नसे त्यात मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. नोटपॅडमध्येही फाईल साठवताना ‘युनिकोड’ हा पर्याय निवडावा लागे. येणारी सूचना न वाचता होकार दिला की लिहिलेले सगळे प्रश्नचिन्हांत जाई. पानांची मांडणी आणि छपाई करणारी त्या वेळची प्रमुख सॉफ्टवेअर देवनागरी युनिकोडला दाद देत नसत, म्हणून छापखाने आणि वर्तमानपत्रे पुढची कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टवर राहिली आणि छापील मराठी व इंटरनेटवरचे मराठी यांच्यात रूपांतराची एक भिंत उभी झाली. मंगलविषयीही एक तक्रार आहे. त्याच्या ओळींमधले अंतर मोठे असल्याने इंग्रजी मजकुरात एखादा मराठी शब्द आला तरी ती ओळ उंच होई, आणि त्यातले ल व श हिंदी वळणाचे होते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची वळणे म्हणून पुन्हा स्पष्ट केली, पण तोवर पडद्यावर वाचणाऱ्या एका पिढीच्या डोळ्यांना दुसरी वळणे सवयीची झाली होती.

सुरक्षिततेच्या बाबतीत या आवृत्तीला उत्तीर्ण म्हणता येत नाही. अधिकारांची सगळी व्यवस्था गाभ्यात असूनही बहुतेक लोक रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच करत, कारण तसे न केल्यास निम्मे प्रोग्राम चालत नसत. नेटवर्कवरून येणारे नको ते संपर्क अडवणारा स्वतःचा फायरवॉल यात नव्हता. सर्व्हर रूपात वेब सर्व्हर आपोआप बसत असल्याने जुलै २००१ मध्ये कोड रेड या नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने धुमाकूळ घातला, ऑगस्ट २००३ मध्ये त्याच जातीच्या ब्लास्टरने साधी डेस्कटॉप मशीनही सोडली नाहीत, आणि २००५ मधल्या झोटोबचा मुख्य फटका विंडोज २००० लाच बसला. गाभा भक्कम असणे आणि दारे बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मायक्रोसॉफ्टने याच आवृत्तीच्या अनुभवातून शिकून घेतले आणि २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल मुळातच चालू करून दिला.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीला पुढे जे प्रेम मिळाले, त्यातला मोठा वाटा मी विंडोज २००० च्या खात्यावर जमा करतो. एक्सपीचा आतला क्रमांक एनटी ५.१ होता, म्हणजे खुद्द निर्मात्यांच्या हिशेबातही ती मागच्या आवृत्तीची पुढची पायरीच होती. निळे-हिरवे रूप, घरगुती मांडणी आणि जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेण्याची अधिक चांगली व्यवस्था ही तिची स्वतःची भर. व्हिस्टापासून आजच्या विंडोज ११ पर्यंतची सर्व डेस्कटॉप रूपे याच कुळातली आहेत. मार्च २००१ मध्ये ॲपलनेही मॅक ओएस एक्स आणून जुना गाभा बाजूला ठेवला आणि युनिक्सच्या पायावर नवे घर बांधले, तेव्हा बंदिस्त मेमरीचा तोच धडा त्यांनी एका वर्षाच्या अंतराने गिरवला. मॅक ओएस एक्स दिसायला कितीतरी देखणे होते, आणि दृश्य रचनेच्या प्रभावाचा प्रश्न असता तर माझा कौल तिकडे गेला असता.

विंडोज २००० चा विस्तारित आधार १३ जुलै २०१० रोजी संपला, त्यामुळे आज कोणत्याही खऱ्या कामासाठी ही आवृत्ती वापरू नये आणि इंटरनेटला तर जोडूच नये. अभ्यासासाठी ती पाहायची असल्यास आभासी मशीनमध्ये (आजच्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) २५६ एमबी मेमरी देऊन, नेटवर्क बंद ठेवून बसवावी. मूळ सीडीची प्रत हाताशी असेल तर इंडिकची खूण करून इन्स्क्रिप्ट जोडता येते आणि वर सांगितलेले दोन्ही प्रयोग स्वतः करून पाहता येतात. ज्यांच्या घरी किंवा संस्थेत श्रीलिपी, आयएसएम वा आकृतीमधले जुने लेख, स्मरणिका, इतिवृत्ते फ्लॉपी आणि सीडींवर पडून आहेत, त्यांच्यासाठी अशा जुन्या प्रणालीचा एक व्यवहारी उपयोगही आहे: त्या काळची बसवलेली सॉफ्टवेअर त्यावर चालवून मजकूर उघडावा आणि तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. त्या सॉफ्टवेअरसोबत येणारे डाँगल, म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे उपकरण, अजून चालत असेल तर हे काम या वर्षीच उरकून घ्यावे.